मॅकरेना आणि मानपान

बारामती-इंदापूरकडच्या लग्नात पाहुण्याला नाचता येतं की नाही, याची चौकशी कुणी करत नाही. त्याला उभं कुठं करायचं, एवढाच प्रश्न असतो. स्टेजसमोर सोफे, सोफ्यांच्या मागे गादीच्या खुर्च्या, त्यांच्या मागे पांढरी कव्हरं चढवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि सगळ्यात मागे बिनकव्हरच्या. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा असतो. पण कारखान्याचे आजी-माजी संचालक, बाजार समितीचे सभापती, झेडपीचे माजी सदस्य आणि ज्यांना सदस्य व्हायचंय ते भावी, अशा सगळ्यांचे फेटे, शाल आणि नारळ उरकून दोघा-तिघांचे शुभाशीर्वाद झाल्याशिवाय भटजींच्या हातात माइक येत नाही. निवेदक नावं वाचत असतो. आपलं नाव चौथं यायला हवं होतं ते नववं आलं, की तो पाहुणा अक्षता टाकून न जेवता गाडीत बसतो. ‘लग्नात नाव वाचलं नाही’ एवढं कारण सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतं.

अशा मुलखात आमच्या भाचीनं रांगेत उभं राहून नाचायचा नाच आणला.

भाची भवानीनगरच्या अलीकडच्या एका वस्तीवरची, नवरदेव नीरा नदी ओलांडून माळशिरस तालुक्यातला. दोघंही पुण्यात हिंजवडीला एकाच कंपनीत. लग्न गावाकडं करायचं, हे दोघांनी घरच्यांना दिलं; त्या बदल्यात आदल्या रात्री ‘संगीत’ करायचं, हे घरच्यांनी दोघांना दिलं. तडजोड झाली तेव्हा घरच्यांना वाटलं, संगीत म्हणजे एखादा ऑर्केस्ट्रा सांगायचा, फार तर भावगीतं. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून एका तालात नाचायचं आणि ते आधी शिकायचं, हा ऐनवेळचा विषय नंतर अध्यक्षांच्या परवानगीनं निघाला.

नाचाचं आमच्याकडे वावडं नाही. हळदीच्या रात्री डॉल्बी लागली की तोंडात रुमालाचं टोक धरून नागीण होणारा एक आणि पुंगी वाजवणारा दुसरा, ही जोडी प्रत्येक भावकीत तयारच असते. त्या नाचाची कुणी तालीम घेतल्याचं ऐकिवात नाही. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला आणि उजनीच्या पाण्यापलीकडच्या करमाळ्याचा पिक्चर म्हणून इंदापुरानं तो घरचा धरला. तेव्हापासून ‘झिंगाट’ लागलं की दोन्ही हात वर करायचे आणि दमेपर्यंत खाली आणायचे नाहीत, एवढी एकच अट. त्यात उजवा-डावा नाही, पुढचा-मागचा नाही आणि चुकण्याची सोय नाही. शिकायचा नाच मात्र आमच्या पिढीनं एकच पाहिला होता, तो शाळेतला, आणि तो शिकवणाऱ्याच्या हातात छडी होती.

आता शिकवायला आल्या त्या बारामतीच्या एका क्लासच्या मॅडम. वय पंचविशीच्या आत, पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की सिनियर मंडळींसाठी मॅकरेना बसवू. पाय फारसे हलवावे लागत नाहीत, सगळं काम हातांचं, गुडघ्यांना त्रास नाही. ‘गुडघ्यांना त्रास नाही’ हे ऐकून ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला.

मॅकरेना आमच्याकडे अगदीच परकी नव्हती. १९९६-९७ च्या सुमारास कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती होऊन गेली होती. आमच्या मेहुण्यांना तर त्यातली कंबर अजून येते, हात तेवढे विसरलेत. मूळ गाणं सेव्हिलजवळच्या दोस एर्मानास गावच्या दोन मध्यमवयीन गायकांचं, ‘लोस देल रिओ’ हे त्या जोडीचं नाव. १९९२ साली व्हेनेझुएलातल्या काराकासला एका मेजवानीत फ्लॅमेंको शिकवणाऱ्या एका बाईंचा नाच बघून त्यांना गाण्याचा मुखडा सुचला. पुढं मायामीकडच्या मंडळींनी त्यात इंग्रजी घुसवून ते नव्यानं वाजवलं आणि १९९६ मध्ये ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग १४ आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. सलग १४ आठवडे पहिल्या नंबरवर, हे ऐकून नवरीच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, पहिल्यांदा गाण्याकडे आदरानं पाहिलं.

गाण्याचा अर्थ विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते मोबाइलवर स्पॅनिश शिकणाऱ्या पुतण्याच्या, आणि तेही उशिरा. गाण्यातल्या मुलीचा मित्र सैन्यात भरती होत असतो आणि तिकडं तो शपथ घेत असताना इकडं ही त्याच्या दोन दोस्तांबरोबर मजा मारते. नवरदेवाचे सख्खे चुलते सुभेदार म्हणून रिटायर झालेले. पुतण्यानं ही माहिती फक्त मला दिली आणि मी ती आजवर कुणालाही दिलेली नाही. सुभेदारकाका त्या गाण्यावर सगळ्यात शिस्तीत नाचले.

तालीम वस्तीवर, बंगल्यापुढच्या मोकळ्या जागेत. ट्रॅक्टरची ट्रॉली मागं ओढली, कडब्याची गंज होती तिथंच राहिली. मॅडमनी फरशीवर चिकटवायची टेप आणली होती, पण तिथं फरशीच नव्हती. मग शाळेतून फक्की आली. कबड्डीचं मैदान आखणाऱ्या हातानं गड्यानं सरळ रेघा ओढल्या आणि सवयीनं बोनस लाइनसुद्धा आखून ठेवली.

नाच सोळा ठोक्यांचा. एकला उजवा हात पुढं, पालथा. दोनला डावा, तोही पालथा. तीनला उजवा उताणा, चारला डावा उताणा. इथपर्यंत सगळे प्रसाद घेण्याच्या पवित्र्यात छान जमतात. पाचला उजवा हात डाव्या खांद्यावर, सहाला डावा उजव्यावर. सातला उजवा डोक्यामागं, आठला डावा. मग हात एकेक करून आधी समोरून कमरेवर, मग मागून. तेरा, चौदा, पंधराला कंबर हलवायची आणि सोळाला उडी मारून सगळ्यांनी पाव वळायचं. वळलं की दुसऱ्या दिशेला तोंड करून पुन्हा पहिल्यापासून.

मॅडम मोजायच्या “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट” असं, आणि मंडळी थांबून राहायची. एक ते चार कधी झाले, हा प्रश्न माईआत्यांनी विचारला आणि तो रास्त होता. सगळ्या नाचणाऱ्या जगानं पहिले चार आकडे का टाकून दिले, याचं उत्तर मॅडमकडेही नव्हतं.

बारामतीला मोजदाद नवी नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) बापूजी नाईकांच्या आश्रयानं इथंच राहिले आणि जन्मभर मात्रा मोजत बसले. त्यांनी रामायणं लिहिली ती शंभराच्या वर, प्रत्येकात काहीतरी नवी अट घालून. त्यातलं एक निरोष्ठ: सबंध रामायण, पण ओठाला ओठ लागेल असं एक अक्षर नाही. पंतांनी ओठ न लावता रावण मारला. त्यांच्याच गावच्या परिसरात आमच्या चुलत्यांना शेजाऱ्याला कोपर न लावता हात डोक्यामागं नेणं जमत नव्हतं.

तसं रांगेतल्या नाचाचं शिक्षण आमच्या प्रत्येकाचं झालंय. २६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर लेझीम कुणाला चुकलीय? चार आवाज, दो रुख, आगे फलांग. पीटीचे सर नुसती शिट्टी मारायचे आणि दीडशे पोरं एकदम खाली बसायची. सांगलीकरांनी तर २०१४ च्या २६ जानेवारीला सात हजारांहून जास्त पोरं एकाच मैदानावर लेझीम खेळवून गिनेस बुकात नोंद केली. त्या वयात आम्हाला पुढची रांग नको असायची, कारण सरांची छडी तिथवर पोचायची. मागच्या रांगेसाठी भांडणं व्हायची. माणसाच्या आयुष्यात हा बदल नेमका कधी होतो, मागची रांग कधी नकोशी होते, हे एकदा तपासायला हवं. माझा अंदाज आहे, पहिल्यांदा सोसायटीचं कर्ज मिळालं की.

पहिली अडचण मात्र रांगेची नव्हती, डाव्या-उजव्याची होती. मॅडम आमच्याकडे तोंड करून उभ्या, म्हणजे त्यांचा उजवा तो आमचा डावा. त्या “राइट हँड” म्हणायच्या आणि स्वतःचा डावा वर करायच्या, आम्हाला आरशासारखं दिसावं म्हणून. अर्धे लोक त्यांचं ऐकायचे, अर्धे त्यांच्याकडं बघायचे.

“आवं मॅडम, येकच काय ते सांगा. आयकायचं का बगायचं?”

यावर तोडगा काढला सोसायटीच्या चेअरमननी. आमच्या वस्तीच्या एका अंगाला नीरा डावा कालवा वाहतो. इंग्रजांनी १८८० च्या दशकात तो सोडला, तेव्हापासून या पट्ट्यात डावं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उजवा कालवा त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला आणि तो नदीपल्याडच्या फलटण-माळशिरसला पाणी पाजतो. म्हणजे व्याही अख्खे उजव्या कालव्याचे. चेअरमननी हाळी दिली, “कॅनॉलकडचा हात वर!” आणि तीन दिवसांत पहिल्यांदा आमच्याकडचे वीस-बावीस डावे हात एका वेळी वर गेले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

ते सोळाव्या ठोक्यापर्यंत टिकलं. सोळाला उडी मारून सगळे पाव वळले आणि पुन्हा “कॅनॉलकडचा हात” झालं, तेव्हा काहींनी आपला डावा हात पुढं केला, काहींनी कॅनॉल जिकडं आहे तिकडं हात लांबवला आणि एकानं प्रामाणिकपणे पुन्हा मागं वळून कॅनॉल कुठं गेला ते पाहिलं.

“वळलं की डावं बदलतं ना, काका,” मॅडम म्हणाल्या.

“आमचं आपलं डावं बदलंल वो. कॅनॉल बदलत न्हाई.”

यावर व्याह्यांकडून एक खसखस पिकली. डाव्या-उजव्या कालव्याच्या पाणीवाटपावरून २०१९ साली केवढा धुरळा उडाला होता, तो दोन्ही बाजूंच्या ध्यानात होता. विषय तिथंच थांबवण्यासाठी आतून चहा आला.

हाताच्या जागा हा दुसरा घोळ. सात आणि आठला दोन्ही हात डोक्यामागं न्यायचे असतात. तालमीत सगळे टोपीत किंवा बोडके, त्यामुळं निभावलं. पण कार्यक्रमाच्या रात्री सगळ्यांना फेटे असणार, हे आमच्या लक्षात आलं ते फेटेवाला मापं विचारायला आला तेव्हा. फेट्याच्या मागं दोन वितींचा शेमला सुटलेला, त्याच्या मागं हात न्यायचा म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर नेणं आलं. फेटा काढावा, असं सुचवण्याची मॅडमची हिंमत झाली नाही, आणि बरं झालं. शेवटी सात-आठला हात फेट्याला नुसता लावायचा असं ठरलं. वरून पाहिलं तर चाळीस माणसं एकदम फेटा जागेवर आहे ना, हे तपासतायत असं दिसायचं. तसे ते एरवीही तपासतातच.

माईआत्यांचं वेगळं होतं. आत्या वारकरी. तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडीला येते, तिथं परीट मंडळी पालखीपुढं धोतराच्या पायघड्या घालतात, रथाभोवती मेंढ्या पळतात. पुढं बेलवाडीला पहिलं गोल रिंगण. पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग वीणेकरी, मग टाळ-पखवाजवाले, आणि शेवटी अश्व. कुणाच्या मागं कुणी धावायचं हे ठरलेलं, तालीम नाही, मोजणं नाही. आत्या त्या तुळशीवाल्यांत कित्येक वर्षं धावलेल्या, पावली खेळलेल्या. त्यांना ताल शिकवायची गरज नव्हती. पण नऊ-दहाला हात कमरेवर आले की त्या तिथंच थांबायच्या. दोन्ही हात कमरेवर, पाय जुळवलेले, नजर समोर.

“आत्या, आता कंबर हलवायची.”

“देव हालतो का?”

मॅडमनी तो मुद्दा सोडून दिला. पुढं पुढं तेरा, चौदा, पंधराला आत्यांच्या आजूबाजूच्या तिघी-चौघीसुद्धा थांबायला लागल्या आणि त्या कोपऱ्यात एक छोटं पंढरपूर तयार झालं.

मग तोड आली. चौदा-पंधरा महिन्यांचा ऊस तुरे येऊन उभा होता, नोंदीप्रमाणं पाळी कधीची होऊन गेलेली, रोज कारखान्याच्या गट ऑफिसला हेलपाटे चालू. आणि नेमकी तालमीच्या ऐन रंगात टोळी येऊन फडात उतरली. त्या दिवशी संध्याकाळी फक्कीच्या रेघांवर मॅडम, नवरी आणि पाहुण्यांची दोन पोरं एवढेच उभे. मॅडम पुण्यात शिकलेल्या, त्यांनी विचारलं, “ऊस दोन दिवसांनी नाही का तोडता येणार?” हा प्रश्न त्यांनी विचारल्याचं आम्ही बाहेर कुठं बोललो नाही. त्यांना अजून बारामतीत क्लास चालवायचाय.

यातून एक गोष्ट मात्र निष्पन्न झाली. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे कुणाचा ऊस कधी तुटणार हे ज्याच्या वहीत असतं तो पोरगा, त्यालाही नाचात घ्यायचं ठरलं. तो ना भावकीतला, ना पाहुण्यातला. पण आमच्यातल्या दोघा-तिघांचा ऊस अजून उभा होता. त्याला पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध जागा दिली, आणि त्याविरुद्ध एकही हरकत आली नाही. आमच्याकडे एवढं एकमत मी ग्रामसभेतही पाहिलेलं नाही.

बाकीच्या जागांवर मात्र हरकतीच हरकती. मॅडमनी पहिल्यांदा उभं केलं ते उंचीप्रमाणं. बुटके पुढं, उंच मागं, सगळे दिसावेत म्हणून. जगात सगळीकडे असंच करतात म्हणे. त्या हिशेबात आबा चौथ्या रांगेत गेले आणि त्यांच्या बरोबर पुढं त्यांचाच ड्रायव्हर आला. आबा कारखान्याचे माजी संचालक, उंची सहा फूट. ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या आणि “मोटार बंद करून येतो” म्हणून गेले. मोटार बंद करायला माणूस दोन दिवस घेत नाही, हे मॅडमच्या लक्षात आल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काय चुकलं? मी त्यांना लग्नातल्या सोफ्यांची आणि खुर्च्यांची व्यवस्था समजावून सांगितली. त्या वहीत लिहून घेत होत्या.

मग वयाप्रमाणं उभं करून पाहिलं. नवरदेवाकडचे सुभेदारकाका आबांपेक्षा वर्षानं मोठे निघाले, म्हणजे मुलीच्या मांडवात मुलाकडचे पुढं. शिवाय बायका वय सांगेनात. नात्याप्रमाणं करून पाहिलं, तर थोरल्या घरचे धाकटे मोठे की धाकट्या घरचे थोरले मोठे, या मुद्द्यावर १९७० च्या आसपासचं एक वाटणीपत्र निघालं. जावई म्हणाले आम्ही कुठंही उभे राहू. जावई असं म्हणतात तेव्हा त्यांना कुठं उभं करायचं नसतं हे सगळ्यांना कळतं.

मार्ग काढला तो पुन्हा चेअरमननीच. ते गप्प बसून नाच बघत होते. सोळा ठोके झाले की सगळा घोळका पाव वळतो. म्हणजे आत्ता डाव्या कडेला जी उभी ओळ आहे, ती वळल्यावर पहिली रांग होते. पुन्हा वळलं की मागची रांग पहिली होते. पुन्हा वळलं की उजवी कड. चौथ्यांदा वळलं की पुन्हा होतं तसं. चार बाजू, म्हणजे चार भिंती, चारींना पहिली रांग.

“आवं, हे तर सव्वा-सव्वा वर्षाचं झालं!” चेअरमन उभेच राहिले.

आमच्याकडे ज्याला म्हणून कधी उपसरपंच, सभापती किंवा उपनगराध्यक्ष व्हायचं होतं, त्याला हे गणित पाठ असतं. मुदत पाच वर्षांची, दावेदार चार, प्रत्येकी सव्वा वर्ष. इथं मुदत गाण्याची, आणि एकेका बाजूला सोळा ठोके, म्हणजे नऊ-दहा सेकंदांची सत्ता. पण गाणं लांब असल्यामुळं प्रत्येकाला पुन्हा पुन्हा संधी. लगेच वाटप झालं. प्रेक्षकांकडची पहिली भिंत मुलीकडच्यांची, चिटबॉयसकट. दुसरी मुलाकडच्यांची. चौथी जावयांची. तिसरी भिंत भावकीला गेली, आणि तिसऱ्या भिंतीकडं तोंड केलं की समोर आचाऱ्याच्या कढया येतात हे भावकीला रंगीत तालमीपर्यंत कळलं नाही.

या सगळ्या व्यवस्थेत एक जात कायमची मारली जाते, ती मधल्यांची. चौकोनाच्या चारी कडांना कधी ना कधी पहिली रांग मिळते. पण आतल्या चौकोनात जो उभा, तो कितीही वेळा वळो, त्याच्यापुढं कुणीतरी असतंच. भूमितीचा इलाज नाही. मी तिथं होतो. माझ्याबरोबर एक प्राथमिक शिक्षक, पोस्टातले एक गृहस्थ आणि नवरीचे एक मामा, ज्यांचा ऊस नव्हता, डाळिंब होतं. आम्हाला नाच सगळ्यात आधी पाठ झाला, कारण आमच्याकडं बघत कुणीच नव्हतं. मामा म्हणाले, “आपुन स्वीकृत.”

रंगीत तालमीला पहिली भिंत झाली. आबा आले होते, पहिल्या रांगेत चिटबॉयच्या उजव्या हाताला. हात पालथे झाले, उताणे झाले, फेट्याला लागले, कमरेवर आले. तेरा, चौदा, पंधरा. सोळाला सगळ्यांनी उडी मारली, वळले. आबा वळले नाहीत.

“आबा, टर्न.”

“गुडगा दुकतोय.”

पुन्हा घेतलं. पुन्हा सोळाला सगळं गाव कॅनॉलकडं, आबा प्रेक्षकांकडं. ठरलेली सव्वा वर्षं संपली तरी राजीनामा न देणारा आम्ही पहिल्यांदाच पाहत नव्हतो. फक्त दहा सेकंदांत पाहिला नव्हता. सुभेदारकाका आपल्या भिंतीकडं तोंड करून सावधानमध्ये उभे, पुढच्या ठोक्याची वाट बघत. अविश्वास ठराव आणावा तर लग्न दोन दिवसांवर. मॅडमनी आता वही मिटली होती. त्या एवढंच म्हणाल्या, “काकांची स्टेप वेगळी ठेवू. ते लीड करतील.” त्या वाक्यावर मला खात्री पटली की या मुलीचा क्लास चालणार.

यालाही जुना दाखला आहे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, आणि प्रतिनिधी मंडळी सभागृहात मॅकरेना नाचत होती. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, आता मी माझी मॅकरेना करून दाखवतो. मग ते काही क्षण नुसते स्तब्ध उभे राहिले. सभागृह हसून लोटपोट झालं. आबांना अल गोर माहीत असण्याचं कारण नाही. पुढाऱ्यानं नाचाच्या वेळी काय करावं हे कुठल्याही खंडात आतूनच सुचत असावं.

संगीताची रात्र चांगली झाली. डॉल्बीवाल्याला दहाच्या आत आवाज बंद करायचा होता, त्यामुळं त्यानं मॅकरेना थोडी पळती लावली. पहिल्या भिंतीला टाळ्या पडल्या. दुसऱ्या भिंतीला उजव्या कालव्याकडून शिट्ट्या आल्या. तिसऱ्या भिंतीला भावकीपुढं आचारी झारे घेऊन उभे राहिले आणि सगळ्यात मनापासून दाद त्यांनीच दिली. त्यातल्या एकाला पुढं सगळ्या स्टेप येत होत्या. आत्यांच्या कोपऱ्यात पंढरपूर होतंच. आबा शेवटपर्यंत एकाच दिशेला. चिटबॉय घामाघूम होऊन नाचला, आणि लग्नानंतर आठवड्याच्या आत मागं राहिलेले दोन्ही फड तुटले. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं मी म्हणत नाही.

नंतर सगळे हात वर करून ‘झिंगाट’ वर गेले. तिथं रांगा मोडल्या, पण मधे रिकामं रिंगण पडून त्यात आळीपाळीनं कुणाला ओढायचं, याचाही एक क्रम असतो, आणि तो कुणी शिकवलेला नसतो.

भांडण निघालं ते व्हिडिओ आल्यावर. व्हिडिओवाला पहिल्या भिंतीला होता, पण त्याचा पोरगा बॅटरी बदलत होता. दुसऱ्याला तो ड्रोन उडवत होता आणि ड्रोनमधून नुसते फेटे दिसतात, कुणाचं तोंड नाही. तिसऱ्या भिंतीच्या वेळी तो जेवायला म्हणून आचाऱ्यांच्या बाजूला गेलेला, कॅमेरा गळ्यातच. त्यामुळं त्या दोन तासांच्या फिल्ममध्ये स्वच्छ, जवळून आणि पुन्हा पुन्हा दिसते ती फक्त भावकी. आबांची पाठ दिसते. दर वेळी. सगळे भावकीच्या बाजूनं येतायत आणि एक सहा फुटी माणूस त्यांच्याकडं पाठ करून उभा आहे, असा अर्थ त्यातून निघतो, आणि भावकीनं तो काढलाही.

चैत्रात आबांच्या धाकट्या मुलाचं लग्न आहे, निमगाव केतकीच्या पाहुण्यांकडं. संगीत ठेवायचंच, असं आबांनी स्वतः जाहीर केलंय. मॅडमना फोनही त्यांनीच केला, मी शेजारी बसलो होतो.

“नाच कुठला बी बसवा,” आबा म्हणाले, “कॅमेरा कुठं हुबा राहणार, त्येवढं आधी सांगा.”